बागेतल्या तळ्यात गोल्डफिशची पिल्लं जगवायचीत? मग या चुका टाळा

फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकची थंडी पाय काढता घेते, तळ्याचं पाणी २० अंशांच्या वर जातं आणि गोल्डफिश एकमेकांमागे धावायला लागतात. नराच्या कल्ल्यांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे दाणे येतात आणि तो मादीला ढुशा देत कडेच्या झाडोऱ्यात रेटतो. दुसरा हंगाम मृगाच्या पहिल्या सरींनंतर.

मग फोन सुरू होतात. पहिला आनंदाचा: "काका, अंडी टाकली!" दुसरा आठ-दहा दिवसांनी: "काका, होती हो पिल्लं. आता एक दिसेल तर शपथ." मधल्या काळात काय झालं असेल ते मी न विचारता सांगू शकतो, कारण दरवर्षी तेच होतं. रोगाने मरणारी पिल्लं फार थोडी. बहुतेक एक तर दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जातात, नाहीतर मालकाच्या उत्साहाला बळी पडतात.

अंडी आईबापांच्या हवाली

गोल्डफिशला वात्सल्य बिलकूल नसतं. पहाटे अंडी टाकतात आणि दुपारपर्यंत तीच मंडळी ती वेचून खातात. "निसर्गाचं निसर्ग बघेल" म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. दाट झाडोरा असलेल्या मोठ्या तळ्यात चार-दोन पिल्लं वाचतातही. बाकीच्यांनी अंडी चिकटलेली मुळं अलगद उचलून वेगळ्या टबात ठेवायची. टबात पाणी तळ्याचंच, जागा सावलीची, एअर स्टोनचे बुडबुडे अगदी मंद. आरपार दिसणारी, मधाच्या रंगाची अंडी जिवंत. दुधाळ पांढरी झालेली मेलेली. मेलेल्या अंड्यांवर बुरशी धरते आणि शेजारी पसरते, म्हणून ती रोज चिमट्याने काढून टाकायची. पाण्याला फिकट निळी झाक येईल एवढंच मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) घातलं तर बुरशी आवरते. पाणी २४-२५ अंशांवर असेल तर तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. गार असेल तर आठवडाही लागतो. रोज टबात बोट घालून "फुटली का" बघितल्याने लवकर फुटत नाहीत.

उकडलेल्या अंड्याचा बलक

आता माझ्या खास रागाचा विषय.

नुकतं बाहेर आलेलं पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि एक काडी. ते टबाच्या भिंतीला चिकटून लटकतं. पोटाखाली बलकाची पिशवी असते, तिच्यावर त्याचं दोन-तीन दिवस भागतं. ते आडवं होऊन पोहायला लागेपर्यंत त्याला बाहेरचं काहीही नको असतं. आणि नेमके हेच दोन-तीन दिवस लोकांना हात बांधून बसवत नाही. पिल्लं हलत नाहीत म्हणजे उपाशी आहेत, असं घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं आणि अंडं उकडायला ठेवलं जातं.

कॉलेज रोडच्या एका बंगल्यातली गोष्ट सांगतो. गृहस्थ एरवी मोठे हिशेबी. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघून अख्ख्या अंड्याचा बलक हाताने कुस्करून पिल्लांच्या टबात घातला. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाणी दुधाळ, वर तेलकट साय, जवळ गेलं की कुबट वास, आणि सगळी पिल्लं पृष्ठभागाला तोंडं लावून. निम्मी तरी तेव्हा जिवंत होती. पण गृहस्थांनी घाईघाईने टब पार रिकामा केला, पिल्लं चहाच्या गाळणीत गोळा केली आणि नळाच्या ताज्या पाण्यात सोडली. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून येतं. आपल्या पोटासाठी ते उत्तम, पण एवढ्याशा कल्ल्यांना ते जाळतं. दुपारी टबाच्या तळाशी पांढरा गाळ दिसत होता, तो गाळ नव्हता. मला फोन करून विचारलं, "कुठला रोग असेल हो? औषध काय देऊ?"

रोग कुठला असणार? बलक पाण्यात विरघळत नाही, कुजतो. कुजताना जीवाणू वाढतात, ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि वर अमोनिया तयार होतो. उन्हाळ्यात तर ३० अंशांच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. त्यात अख्खा बलक घालायचा म्हणजे पिल्लांच्या नाकात बोळे कोंबण्यासारखंच.

बलक द्यायचाच हट्ट असेल तर ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा मलमलच्या चिंधीत बांधून वाटीभर पाण्यात चोळायचा आणि त्या गढूळ पाण्याचे थेंब पिल्लांच्या घोळक्यावर सोडायचे. तासाभराने तळाशी उरलेलं एअर पंपाच्या बारीक नळीने ओढून काढायचं. हे दिवसातून तीन-चार वेळा करायचं. एवढं जमणार नसेल तर बलकाच्या वाटेला जाऊ नका. मी जात नाही.

माझी सवय वेगळी. पहिले काही दिवस तळ्यातलंच हिरवं पाणी मग्याने टबात घालायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव भरपूर असतात. त्याच्या जोडीला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. प्लास्टिकची बाटली तळाकडून कापून उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, वरून चिमूटभर आर्टेमियाची अंडी, आतून जोरात हवा, वर एक बल्ब. २६-२८ अंशांना २४ ते ३६ तासांत ती फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया खाली उजेडाकडे गोळा होतात. तेवढ्याच नळीने ओढून कपड्यात गाळायच्या, गोड्या पाण्याने धुवायच्या आणि द्यायच्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतात, म्हणून त्याही बेतानेच.

पोट भरलं की नाही हे ओळखायला टॉर्च पुरते. पिल्लाचं अंग काचेसारखं आरपार असतं. बाजूने उजेड टाकला की मधोमध नारिंगी ठिपका दिसतो, तेच भरलेलं पोट. ठिपका नसलेली पिल्लं जास्त दिसली तर आणखी द्यायचं, सगळी नारिंगी असतील तर निमूट आत जाऊन चहा प्यायचा.

आर्टेमियाचं पाकीट महाग असतं, मान्य. पण छोटं घ्या, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. दुकानात उघड्या बरणीतून सुटी मिळणारी स्वस्त अंडी बऱ्याचदा फुटतच नाहीत, तिथे वाचवलेले पैसे वायाच जातात.

गोदावरीतल्या फुकटच्या पाणवेली

पाणवेलींची मुळं दाट, लोंबती. गोल्डफिशला अंडी टाकायला याहून चांगली जागा नाही. आणि नाशिकमध्ये पाणवेलींना काय तोटा? नदीच्या काठावर जायचं, चार उचलायच्या, पिशवीत घालून घरी आणायच्या आणि तळ्यात सोडायच्या. इथेच घात होतो.

मखमलाबादच्या बाजूला आमच्या ओळखीचं एक जोडपं राहतं. त्यांनी पिल्लं छान काढली, मोठ्या टबात ठेवली, वर सावलीला दोन पाणवेली सोडल्या. पिल्लं खात होती, पाणी स्वच्छ होतं, मेलेलं एकही पिल्लू तळाशी दिसत नव्हतं, पण संख्या मात्र रोज कमी. आधी संशय मांजरावर. टबावर जाळी आली. मग खंड्यावर, कारण तो विजेच्या तारेवर बसलेला दिसला होता. जाळी दुहेरी झाली. मग शेजारच्या मुलावर, आणि त्यावरून दोन घरांत थोडं बोलाचालीवर आलं. शेवटी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं तोंड टबाकडे वळवलं गेलं. कॅमेऱ्यात काहीच दिसेना. दिसणार कसं, चोर पाण्याखाली होता.

मी गेलो तेव्हा वहिनींना म्हटलं, स्वयंपाकघरातली पांढरी परात आणा. पाणवेलींची मुळं परातीत झटकली, टबातला गाळ पेल्यापेल्याने त्यात ओतला. चिखलाचा एक तुकडा चालायला लागला. बोटाच्या पेराएवढा, चपटा, सहा पायांचा, मातकट. चतुराची अळी. पावसाळ्यात बागेवर भिरभिरणारा, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चतुर उडायच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने असे पाण्याच्या तळाशी काढतो. परातीत एक पिल्लू सोडलं. अळी हलली नाही. पिल्लू पोहत पोहत तिच्या तोंडासमोरून गेलं आणि तिचा खालचा जबडा, जो एरवी हनुवटीखाली दुमडून ठेवलेला असतो, तो सटकन पुढे आला. टोकाला दोन आकडे. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पिल्लू आत. दादा नुसते बघत राहिले. त्या टबातून अशा आणखी काही निघाल्या, शिवाय पाठीवर पोहणारे पाणकिडे आणि एक जळू. शेजारच्या मुलाला नंतर दोन मासे भेट मिळाले म्हणे.

नदीतली झाडं आणायचीच असतील तर बादलीत जोरजोरात झटकून धुवा, गुलाबी रंगाच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुन्हा धुवा आणि दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. त्यातही सगळं मरेलच असं नाही, कारण चतुराची अंडी झाडाच्या आत असू शकतात. म्हणून मी झाडांच्या फंदातच पडत नाही. नायलॉनच्या दोरीचे हातभर तुकडे घेतो, पीळ उलगडून झुबके करतो, उकळत्या पाण्यातून काढतो आणि थर्माकोलच्या तुकड्याला बांधून तळ्यात तरंगत सोडतो. मासे तक्रार करत नाहीत. दिसायला ओबडधोबड दिसतं हे खरं. फोटोसाठी तळं केलं असेल तर गोष्ट वेगळी.

टबावर झाकण मात्र हवंच, कारण चतुर बाहेरून येऊनही अंडी टाकतो. टोमॅटोचं रिकामं कॅरेट उपडं ठेवून त्यावर जुन्या नायलॉन साडीचं झिरझिरीत कापड ताणलं की काम होतं.

डेंग्यूचे दिवस आणि गप्पी मासे

पावसाळ्यात आरोग्य विभागाची माणसं घरोघर येतात, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करतात, कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्यांचं बरोबरच आहे. पण भीतीपोटी पिल्लांच्या टबात गप्पी सोडणारे लोक आहेत. गप्पीला डासाची अळी आणि गोल्डफिशचं चार दिवसांचं पिल्लू यांत फरक कळत नाही. तो दोन्ही तितक्याच आवडीने खातो. तुमचे मोठे गोल्डफिश स्वतःच डासांच्या अळ्या फस्त करतात, तळ्यात गप्पीची गरजच नाही. प्रश्न फक्त पिल्लांच्या टबाचा, कारण एवढ्याशा पिल्लांना अळ्या गिळता येत नाहीत. त्याला उपाय वरचं साडीचं कापड. डास आतच गेला नाही तर अळ्या येतील कुठून?

तपासणीला येणाऱ्या ताईंना टब दाखवा, कापड उचलून मासे दाखवा. न सांगता बाहेर निघून गेलात तर टब उपडा झालेला सापडेल किंवा त्यात अळीनाशक पडलेलं असेल. त्या औषधाने पिल्लांना खायला घालण्यासाठी वाढवलेल्या मोईना (गोड्या पाण्यातले पिसवेएवढे जीव) मरू शकतात.

हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी?

नाही. पाहुणे येणार म्हणून पिल्लांचं पाणी काचेसारखं करणारे लोक पिल्लांचं अन्नच फेकून देत असतात. हिरव्या पाण्यात वाढलेली पिल्लं अंगाने भरतात, दोन घास चुकले तरी टिकतात.

पण तळहात कोपरभर बुडवल्यावर दिसेनासा झाला तर मात्र हिरवं जास्त झालं. दिवसा ही शेवाळं प्राणवायू सोडतात, रात्री तोच ओढतात, म्हणून भल्या पहाटे पिल्लं वर तोंड काढतात. शिवाय भर दुपारी अशा पाण्याचा पीएच चढतो आणि चढलेल्या पीएचला, गरम पाण्यात, थोडासा अमोनियाही जास्त विषारी ठरतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उथळ टब दुपारी तापतो. अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट टाका. आपल्याकडे ती कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळते. रात्रभर हवा चालू ठेवा. पाणी बदलायचं ते एका वेळी पाचवा हिस्सा, तेही आदल्या दिवशी भरून हवा लावून ठेवलेलं किंवा क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे टाकलेलं. बोअरचं पाणी असेल तर तेही आधी हवा लावूनच.

याही गोष्टी होतात

पंपाच्या तोंडाला स्पंज नसणं. पिल्लं पंपातून जातात आणि बाहेर येत नाहीत.

तळ्याच्या ओव्हरफ्लोला जाळी नसणं. पावसाळ्यातली एक रात्रभराची झड आणि सगळी पिढी गटारात.

पिल्लं जाळीने पकडणं. जाळीत अंग खरचटतं. वाटीने, पाण्यासकट उचला.

नवा सिमेंटचा हौद बांधला आणि लगेच मासे सोडले. चुन्याने पाण्याचा पीएच इतका चढतो की मोठे मासेही टिकत नाहीत. दोन-तीन आठवडे पाणी भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. आपल्याकडे त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकायची पद्धत आहे.

घराशेजारी द्राक्षबाग असणं ही चूक नाही, पण ते विसरणं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या धास्तीने फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअरचे तुषार वाऱ्यावर कुंपण ओलांडतात. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशांना घातक, आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर अगदी थोडीही पुरतात. आदल्या संध्याकाळी शेजारी विचारा, "अण्णा, उद्या औषध मारताय का?" आणि टबावर ताडपत्री घाला. औषधाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी त्यात मासे ठेवू नका. हे सांगावं लागतं, म्हणून सांगतोय.

"ही रोहूची पिल्लं दिसतात"

दर हंगामात कुणीतरी हे म्हणतं आणि पिल्लं कुठेतरी सोडून देतं. गोल्डफिशचं पिल्लू जन्मतः सोनेरी नसतं. ते मातकट, शेवाळी असतं आणि म्हणूनच लपून जगतं. रंग साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलायला लागतो. बऱ्याचदा आधी अंग काळपट होतं, मग पोटाकडून सोनं वर चढतं. काहींना वर्ष लागतं. काही आयुष्यभर मातकटच राहतात, त्यांचंही काही बिघडत नाही. रंग यावा म्हणून महिनाभराच्या पिल्लांना रंगाचं महागडं खाद्य घालणाऱ्यांना दुकानदार नाही म्हणणार नाही. मी म्हणतो. त्याऐवजी ऊन द्या.

याच्या उलटही होतं. एकांनी मोठ्या कौतुकाने काळी, गोल डोक्याची पिल्लं वाढवली. मागचे पाय फुटल्यावर कळलं की ते बेडूकमासे आहेत.

सगळीच जगवायची

एका मादीची शेकडो पिल्लं येतात आणि लोकांना एकही द्यावंसं वाटत नाही. मग एका टबात गर्दी, पाण्यात घाण, पिल्लांची वाढ खुंटलेली. आधी वाढलेली चार दांडगी लहानांना खातात, त्यांना वेगळं काढावंच लागतं. पाठीचा कणा वाकडा असलेली, नीट पोहता न येणारी पिल्लं लवकर बाजूला काढा. हे लिहायला सोपं आहे, करायला जड जातं, पण उशीर केला की आणखी जड जातं. तळ्याला झेपतील तेवढीच ठेवा आणि बाकीची ओळखीत, तळं असणाऱ्यांना द्या. गोदावरीत नको, धरणात तर नकोच. हा परदेशी मासा आहे, वीतभर वाढतो, तळ उकरतो आणि आपल्या नदीतल्या माशांची अंडी खातो. रामकुंडावर मासे सोडून पुण्य मिळतं असं कुणी सांगितलं तर त्यांना दुसरं एखादं पुण्य सुचवा.

मृगाच्या पिल्लांना दिवाळीपर्यंत बोटाएवढं व्हायला हवं, म्हणजे ती थंडी काढतात. डिसेंबरात पाणी गार पडायला लागलं की खाणं कमी करत जा, कारण गारठ्यात त्यांचं पचन मंदावतं आणि न खाल्लेलं तसंच कुजतं. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की तुमच्याकडेही थर्मामीटर पाण्यात घालून बघा. १० अंशांच्या खाली असेल तर त्या दिवशी काहीही घालू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.